वेंकोबराव आणि मद्रासहून येणारा फोन

विश्वासू माणसाला नोकरीवरून काढणं फार सोपं असतं. लबाड माणूस आधीच दोन कागद दडवून ठेवतो, वकील गाठतो, चार लोक गोळा करतो. विश्वासू माणूस उभा राहून ऐकून घेतो. वेंकोबरावांना काढलं तेव्हा मी त्याच खोलीत होतो. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "किल्ली कोणाजवळ द्यावयाची?"

कुंभकोणमला एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर ते ऑफिस होतं. दक्षिणेत पसरलेल्या मराठी कुटुंबांची लग्नं जुळवण्याचं काम तिथे चाले. शहाजीराजांच्या मागोमाग आलेली ही घरं. आता कुणी त्रिचीला बँकेत, कुणी बेंगळूरला कारखान्यात, कुणी कोइमतूरला. बाहेर सगळे तमिळ बोलत, घरात आपली मराठी. मुलामुलींची लग्नं मात्र आपसातच व्हायला हवीत, म्हणून नरहरिराव नावाच्या गृहस्थांनी हे ऑफिस काढलं. वेंकोबराव तिथले एकमेव कारकून. मी पुण्याचा, पोटासाठी त्रिचीच्या एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत. सत्त्याण्णव साली मला तिथे पाठवलं, ते मला मराठी येतं म्हणून.

मराठी येतं हा माझा समज वेंकोबरावांनी पाच मिनिटांत उतरवला. कपाळावर अंगाराची काळी उभी रेघ, दंडांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, इस्त्रीचं पांढरं वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर. मी म्हटलं, "मी सिस्टिम इन्स्टॉल करायला आलोय."

"तुम्ही पुण्याचे म्हणे," ते म्हणाले. "मग हें मराठी कुठलें?"

त्यांची मराठी ऐकताना मला सनदा वाचतोय असं वाटायचं आणि माझी मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. "तुमचे लोक गांवींच राहिले ना, म्हणून भाषा हरवलांत," असं ते म्हणत. "आम्ही परमुलुखांत आलों, म्हणून सांभाळून ठेवलों."

बाहेरचं ते काही खात नसत. कॉफी घरून पितळी फिरकीच्या तांब्यातून आणत आणि ओठाला न लावता वरून घशात सोडत. एक थेंब कधी वेष्टीवर सांडला नाही. मी प्रयत्न केला तेव्हा माझा सदरा गेला. लग्न त्यांनी केलं नव्हतं. पाचशेच्या वर लग्नं जमवली असतील, पण स्वतःचं का नाही असं विचारलं की म्हणत, "हलवाई कुठें पेढा खातो?" आणि लगेच विषय बदलत.

त्या ऑफिसात दोन तऱ्हेच्या नोंदी होत्या. पत्रिका, गोत्र, शिक्षण, उंची हे सगळ्यांना दाखवायचं. आणि दुसरे 'शेरे'. कुणाचा साखरपुडा एकदा मोडलाय, कुणाच्या घरात वेड आहे, कोण पितो. हे शेरे वेंकोबराव तीन वह्यांत लिहीत, आणि लिहीत ते मोडीत. त्यांच्या आजोबांनी शिकवलेली मोडी. कुंभकोणमात ती वाचणारं दुसरं माणूस उरलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली एक हकिगत ते रंगवून सांगत. कोइमतूरचे एक गडगंज गृहस्थ मोटारीतून आले. त्यांना एका मुलाविषयीचे शेरे बघायचे होते आणि 'नाही' हा शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. वेंकोबरावांनी नाही म्हटलंच नाही. तिन्ही वह्या पुढ्यात ठेवल्या. "पाहा सावकाश. मराठीच आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय! अर्धी घटका पानें उलटले. घाम पुसले. एक पान उलटें धरून पाहिले. मग म्हणाले, ठीक आहे, चांगलें घराणें दिसतें. नि गेले." एवढं सांगून ते तोंडावर उपरणं धरून हसत. हसताना दात दिसू नयेत असा त्यांचा काही नियम होता.

पण शेरे दडवण्यासाठी नव्हते, हे समजायला मला वेळ लागला. स्थळ जुळत आलं की वेंकोबराव मुलीच्या किंवा मुलाच्या बापाला भेटत आणि म्हणत, "ही गोष्ट तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मी संगें येतो." आणि खरंच जात. बसने, स्वतःचा डबा घेऊन. समोरासमोर बसून बापाने सांगायचं, यांनी शेजारी गप्प बसायचं. "बापानें सांगितली म्हणजे ती गोष्ट असते," ते म्हणत. "दुसऱ्यानें सांगितली म्हणजे चहाडी. गोष्ट तीच." असं सांगूनही टिकलेली लग्नं ते बोटांवर मोजून दाखवत. मोडलेलीही होती, पण ती ते सांगत नसत.

नरहरिराव वारले आणि ऑफिस त्यांच्या मुलाकडे, प्रल्हादकडे आलं. प्रल्हाद मद्रासला राहायचा. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. त्याला मद्रासहूनच कुंभकोणमचं ऑफिस चालवायचं होतं. बेत असा: ऑफिसात एक कॉम्प्युटर, त्यात सगळ्या नोंदी, कॉम्प्युटरला मॉडेम, मॉडेमला टेलिफोनची लाइन. मद्रासहून त्याने फोन लावला की इथला पडदा त्याला तिथे दिसणार, आणि तिथे त्याने माउस हलवला की इथला बाण हलणार. आज यात काही नवल नाही. तेव्हा मी हे सांगायला लागलो की लोक खुर्ची जवळ ओढत.

वेंकोबरावांनी नोंदी चार महिन्यांत टाइप केल्या. टायपिंगची परीक्षा त्यांनी तरुणपणी दिलेली होती. शेरे घालायला मात्र त्यांनी नकार दिला. प्रल्हाद त्यांना लहानपणापासून मामा म्हणे. तो फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही उद्या मेलात तर त्या वह्या मी कोणाला दाखवूं? म्युझियमला?" शेवटी मामांनी तिन्ही वह्या इंग्रजी लिपीत उतरवल्या. शेवटचं पान संपलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "आज माझ्या हातानें दार काढून ठेवलों. आतां राखण तुम्ही करा."

राखण करणं हे माझंच काम होतं आणि मी ते झोकात केलं, हे मला सांगितलं पाहिजे. मी 'कॉल-बॅक' बसवला. म्हणजे मद्रासहून फोन आला, परवलीचा शब्द बरोबर निघाला, तरी मशीन आत घ्यायचं नाही. फोन ठेवून द्यायचं, आणि मग स्वतःहून प्रल्हादच्या घरच्या ठरलेल्या नंबरवर फोन लावायचं. तिथे तो असला तरच पडदा उघडायचा. दुसऱ्या कुणाला शब्द कळला तरी उपयोग नाही.

वेंकोबराव टेबलावर थाप मारून म्हणाले, "बरें आहे की! आम्ही हेंच करतों. कोणी येऊन म्हणाला मी अमक्याचा मुलगा, तर इथें काही बोलायचें नाहीं. तुम्ही घरीं जा म्हणायचें, आम्ही येऊन तुमचें दार वाजवतों. दार त्यानेंच उघडलें तर खरा." तीन रात्री मॅन्युअल वाचून मला जे समजलं होतं ते हा माणूस तीस वर्षं पायी करत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी त्यांच्या तांब्यातली कॉफी मला दिली.

परवलीच्या शब्दाच्या वेळी मात्र तंटा झाला. प्रल्हाद उद्घाटनाला आला होता. मी त्याला म्हटलं, बाहेरच्या कुणालाही सुचणार नाही असा शब्द ठेवा. त्याने मोठ्या ऐटीत पणजोबांचं नाव आणि पुढे गोत्र टाइप केलं. तमिळ मुलुखात हे कुणाला सुचणार?

वेंकोबराव मागे उभे होते. ते म्हणाले, "प्रल्हादा, हें तर तुझ्या लग्नांत मंडपांत तीनदां ओरडून सांगितलें की! गोत्र, प्रवर, पणजा, आजा, बाप. तुझ्या सासरचे सगळे अक्षता घेऊन उभे होते."

"अय्यो मामा! भटजी मॉडेम घेऊन बसलेत काय?" प्रल्हाद हसला. मीही हसलो. वेंकोबरावांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण गिऱ्हाईक प्रल्हाद होता. शिवाय कॉल-बॅक आहे ना, असं मी मनाशी म्हटलं.

दोन महिन्यांनी प्रल्हादचा मला त्रिचीला फोन आला. तो बेंगळूरला सासुरवाडीला गेला होता आणि तिथून ऑफिस लागत नव्हतं. लागणार नाहीच, मशीन मद्रासला उलटा फोन करतंय. "मग काढून टाका ना ते," तो म्हणाला. मी म्हटलं, धोका आहे. तो म्हणाला, "ऑफिस कोणाचं आहे?" मी त्रिचीच्या आमच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक सांगतं ते करायचं.

मी कुंभकोणमला गेलो. एकादशी होती, वेंकोबराव पाण्याचा थेंबही न घेता खुर्चीत ताठ बसले होते. मी मशीनशी खुडबुड करायला लागलो तसं त्यांनी विचारलं, "काय करूलालां?"

"काही नाही. थोडी साफसफाई," मी म्हणालो. खरं सांगितलं असतं तर ते आडवे आले असते, प्रल्हादला फोन केला असता, माझी चारची बस चुकली असती. बस चुकू नये म्हणून मी खोटं बोललो, याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात बाण हलला. वेंकोबराव कॉम्प्युटरसमोर बसलेले असताना, आधी फोन नाही, निरोप नाही, आणि बाण आपोआप सरकत एका घराण्याचं पान उघडायला लागला. प्रल्हाद आत यायच्या आधी नेहमी बोलायच्या फोनवर "मामा, मी येतो" असं सांगायचा. तो नियम वेंकोबरावांनी घालून दिला होता. त्यांनी उठून भिंतीतली टेलिफोनची तार उपटली. ती हातात धरून ते दारात उभे राहिले म्हणे, कुणीतरी जिन्यावरून येईल अशा तयारीने. पलीकडे प्रल्हादच होता, बेंगळूरहून. तो असा भडकला की दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून त्याने मॉडेम आणि तार एका लाकडी पेटीत बंद करवली, भिंतीला ठोकून, कुलूप लावून. किल्ली मद्रासला. मशीन रात्रंदिवस चालू.

मी पुढच्या खेपेला गेलो तर वेंकोबरावांनी पेटीकडे बोट केलं नाही की तक्रार केली नाही. म्हणाले, "इंजिनेर, त्या मशीननें घरीं जाऊन दार वाजवलें नाहीं. थेट आंत घेतलें. तें तुम्ही काढलांत?"

"मालकांनी सांगितलं होतं."

"साफसफाई म्हणालां होतां," ते म्हणाले, आणि टाइप करायला लागले. त्या दिवशी कॉफी मिळाली नाही. मी रागावलो, आता हसू नका. मला वाटलं, एवढा काय ताठा, पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या भानगडी चिवडणारा एक कारकून.

आता त्या मुलीविषयी. तिचं नाव मी लिहिणार नाही. वेंकोबरावांनी ते माझ्यासमोर कधी उच्चारलं नाही. तिरुनीलक्कुडीची, शाळामास्तरांची मुलगी. सहाव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंत तिला फिट्स यायच्या. पुढे कधी आल्या नाहीत. शेऱ्यांत तेवढं एक वाक्य होतं. तिच्यासाठी वेंकोबरावांनी जे स्थळ काढलं ते प्रल्हादच्याच मेहुण्याचं, बेंगळूरचं. मुलगी पसंत पडली. वेंकोबरावांनी नेहमीप्रमाणे मास्तरांना तयार केलं: आपण दोघं बेंगळूरला जाऊ, तुम्ही तोंडाने सांगा, मुलगा समंजस दिसतो. मास्तर घाबरत होते. दहा दिवस समजावल्यावर कबूल झाले. शुक्रवारच्या रेल्वेची तिकिटं काढली.

मंगळवारी बेंगळूरहून निरोप आला. फिट्सची मुलगी आमच्या गळ्यात बांधत होतात, तुमच्याच ऑफिसातून कळलं म्हणून वाचलो. निरोप गावभर झाला. तिच्या पाठच्या बहिणीचंही ठरत आलेलं थांबलं. मास्तर कुंभकोणमला आले, ऑफिसचा जिना चढले आणि दारातूनच म्हणाले, "मी तुम्हांस सांगितलों, देवास सांगितलों. देव बोलला नसेल." मग उतरून गेले.

प्रल्हाद मद्रासहून आला. लोकांना उत्तर द्यायचं होतं. मला त्रिचीहून बोलावलं, मशीन तपासायला. प्रल्हाद नि मी आत बसलो, वेंकोबराव बाहेरच्या बाकावर. मी नोंद उघडली. आत आलेल्या प्रत्येक फोनची ते मशीन स्वतः नोंद ठेवायचं: तारीख, वेळ, किती मिनिटं. बेंगळूरचा निरोप आला त्याच्या आदल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता कुणीतरी आत आलं होतं, शब्द बरोबर होता, सोळा मिनिटं होतं. आणि त्या मुलीचं पान शेवटचं उघडलं गेलं होतं अकरा वाजून सात मिनिटांनी.

तो गुरुवार म्हणजे नरहरिरावांचं वर्षश्राद्ध. त्या वेळी प्रल्हाद कुंभकोणमच्या घरी पाटावर बसून पिंड देत होता. वेंकोबराव त्याच्या शेजारी दर्भ हातात देत होते. ऑफिसला कुलूप होतं. बेंगळूरचा मेहुणा तेवढा श्राद्धाला आला नव्हता, आणि प्रल्हाद सासुरवाडीला असताना ज्या कॉम्प्युटरवरून आत यायचा तो त्याचाच होता. पणजोबांचं नाव नि गोत्र त्याने मंडपात ऐकलंच होतं.

प्रल्हादने पडद्यावरची वेळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "हें पुसतां येतं?"

"येतं," मी म्हणालो.

"घरचं प्रकरण आहे. बायकोचा भाऊ. तुम्हीही तें उलटा फोन करायचं काढलंत, लेखी काही न घेतां. तुमच्या साहेबांना काय सांगूं मी?"

माझी पुण्याला बदली व्हायची होती. कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी नोंद पुसली. एक बटण दाबायचं, मग मशीन विचारतं, नक्की का? पुन्हा दाबायचं. दोन्ही वेळा मीच दाबलं. मग प्रल्हादने वेंकोबरावांना आत बोलावलं आणि सांगितलं की मशीनमध्ये काही सापडलं नाही, तेव्हा गोष्ट बाहेर गेली ती तोंडानेच. वेंकोबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर गुंडाळत होतो. त्यानंतरचं त्यांचं वाक्य मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

पुण्याची बदली झाली. नव्व्याण्णव साली एका कामासाठी मला पुन्हा तिकडे जावं लागलं. कामाचं ठिकाण चोळपुरम्‌ला होतं, आणि तिथे दस्त नोंदणीच्या कचेरीबाहेर पुंगाच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या झाडाखाली वेंकोबराव टाइपरायटर घेऊन बसलेले दिसले. लोकांचे अर्ज टाइप करत होते. वेष्टीला इस्त्री नव्हती. मला चुकवून जाता आलं असतं, पण त्यांनी आधी पाहिलं.

"इंजिनेर! या, बसा." समोरच्या स्टुलाकडे त्यांनी हात केला. पुण्याची चौकशी केली, माझ्या आईची केली. कुणी लग्नाला बोलावतं का, असं मी विचारलं नाही. कामाच्या ठिकाणी मला एक लग्नपत्रिका दिसली होती, त्यांच्याच नात्यातली. तिचा विषय मी काढणार होतो, तो गिळला. मुलीचं मी विचारलं. तिचं लग्न झालं नव्हतं. तिथल्याच शाळेत ती लहान मुलांना शिकवत होती. धाकटीचं झालं.

थोडा वेळ त्यांनी टाइपरायटरची पट्टी नीट केली. मग म्हणाले, "एक विचारतों. त्या दिवशीं मशीन काही लिहून ठेवलें होतें काय? कोण आलें, केव्हां आलें?"

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"मजसाठीं नव्हे. मास्तर फार आजारी आहेत. मी गेलों तर भिंतीकडे तोंड करतात. त्यांस वाटतें, त्यांची गोष्ट मी विकलों. एवढी एक गोष्ट हातीं असती तर जाऊन सांगितलों असतों. आणि ते मजवर विश्वास ठेवणार नाहींत, म्हणून तुम्ही संगें आलां असतां तर बरें. तुम्ही सांगायचें. मी शेजारीं बसतों."

तिरुनीलक्कुडी काही लांब नव्हतं. माझं काम दुपारी संपणार होतं. नोंद पुसली होती, पण ती पुसणारा तर जिवंत होता, तिथेच स्टुलावर बसला होता. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. आणि मला प्रल्हाद दिसला, साहेब दिसले, मास्तरांच्या दारात उभा राहून 'मी पुसलं' म्हणणारा मी दिसलो.

"नाही," मी म्हणालो. "मशीनमध्ये काही नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तीस वर्षं बापांच्या तोंडाकडे बघून खरंखोटं ओळखणारा माणूस तो. मी वाट बघत होतो की ते काहीतरी बोलतील, शिवी देतील, निदान पुन्हा एकदा विचारतील.

"सरि," ते म्हणाले. तमिळमधलं 'बरं'. त्यांनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला आणि माझ्या मागे हातात कागदपत्रं घेऊन ताटकळलेल्या शेतकऱ्याला तमिळमध्ये बोलावलं. तो पुढे आला. मी अजून बसलोच होतो.

"उठतां काय?" वेंकोबराव मला म्हणाले. "त्यांस बसावयाचें आहे."